तीन उन्हाळे

हिंगोलीचा दसरा साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेला आहे. खाकीबाबा मठापासून सुरू झालेली ही परंपरा दीडशेहून अधिक वर्षं जुनी. रामलीला मैदानावरचं प्रदर्शन, आकाशपाळणे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोटणारी माणसं. म्हैसूरनंतर दसरा आमचाच, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. त्या संध्याकाळी घरोघर सोनं वाटलं जातं. पण बाजारात सोनं म्हणून येणाऱ्या फांद्या जरा निरखून पाहिल्या, तर त्यातल्या कितीतरी आपट्याच्या नसतातच. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं पान मोठं, पातळ आणि लांबट. आपण हौसेनं वाटतो ते पुष्कळदा कांचनाचं पान असतं.

याचं कारण साधं आहे. आपटा आपण लावतच नाही. तो मुरमाड माळावर, डोंगरउतारावर आपापला येणारा वृक्ष. खोड वेडंवाकडं, वाढ सावकाश, फांद्या खाली झुकलेल्या. पूर्वी त्याच्या पानांच्या विड्या वळायचे, सालीच्या वाखाचे दोर करायचे. रोपवाटिकेत जा आणि आपटा मागा; बऱ्याचदा पुढे येतो गुलमोहर, सोनमोहर किंवा वर्षभर हिरवागार राहणारा कोनोकार्पस. जे झाड वर्षातून एकदा सोनं म्हणून मिरवतो, त्याला शहराच्या बागेत चार हात जागा नाही, ही गोष्ट मला फार लागते. म्हणूनच मराठवाड्यात आणि बाहेरही, आपल्या शहरातली उजाड जागा देशी झाडांनी भरण्यासाठी भल्या पहाटे उठणाऱ्या माणसांबद्दल या अंकात लिहायचं ठरवलं.

सुरुवात लातूरपासून करायला हवी. हिंगोलीहून लातूर काही दूर नाही, आणि उन्हाची धग दोन्हीकडे सारखीच. 2016 चा उन्हाळा आठवा. पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. पहिल्या फेरीत 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं, पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. शहराला रेल्वेनं पाणी प्यावं लागलं, ही नामुष्की लातूरकर विसरले नाहीत. महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूर मोडतं, हेही तेव्हा नव्यानं बोललं जाऊ लागलं.

त्यानंतर तीन वर्षांनी, 1 जून 2019 ला, ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’चं रोजचं श्रमदान सुरू झालं. डॉ. पवन लड्डा हे या गटाचे समन्वयक. या गटाचं वेगळेपण एका शब्दात आहे: रोज. दर रविवारी नाही, पर्यावरण दिनाला नाही, पाहुणे आले म्हणून नाही. 2022 साली या गटानं सलग एक हजार दिवसांचा टप्पा ओलांडला. झाडाच्या कामात या ‘रोज’ला काय किंमत आहे ते उन्हाळ्यात कळतं. खड्डा खणायला एक सकाळ लागते. त्या खड्ड्यातलं झाड मोठं व्हायला आळं करणं, गवत काढणं, काठीचा आधार देणं, टँकरची वाट पाहणं आणि पुन्हा आळं करणं, असं न संपणारं काम लागतं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

आपल्याकडे शेतकरी झाडाबद्दल बोलताना म्हणतो, ‘या कलमानं दोन उन्हाळे काढले.’ पावसाळे कोणी मोजत नाही. पावसाळ्यात काय, काटकीलाही पालवी फुटते. हिंगोली जिल्ह्यात जून ते सप्टेंबर बऱ्यापैकी पाऊस पडतो, पण ऑक्टोबरपासून पुढचे आठ महिने जमीन कोरडी होत जाते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून वर जातो. काळ्या जमिनीला तेव्हा हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात. मुरमाड जमिनीत भेगा पडत नाहीत, पण ओलही टिकत नाही. पहिला उन्हाळा झाड आपण घातलेल्या पाण्यावर काढतं, दुसरा निम्म्या पाण्यावर, आणि तिसऱ्यात मूळ खोल गेलेलं असलं तर ते आपलं आपण उभं राहतं. देशी झाडांची वाढ वरून सावकाश दिसते, कारण पहिली दोन-तीन वर्षं त्यांचा सगळा जोर खाली चाललेला असतो. हे ठाऊक नसलेला माणूस ‘वाढतच नाही हो’ म्हणतो आणि नाद सोडतो.

आता आपला वृक्षारोपणाचा रिवाज पाहा. 5 जूनला जागतिक पर्यावरण दिन. त्या दिवशी मराठवाड्यात मृगसुद्धा लागलेलं नसतं. तापलेल्या जमिनीत रोप ठेवायचं, झारीनं पाणी घालायचं, टाळ्या वाजवायच्या. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात कृषिमंत्री असताना 1950 साली वनमहोत्सव सुरू झाला तो जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर. त्यामागे शहाणपण होतं. महाराष्ट्र सरकारनंही 2016 पासून मोठी मोहीम हाती घेतली. 1 जुलै 2016 ला 2 कोटींचं लक्ष्य, पुढच्या वर्षी 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी ही मोहीम गावोगाव नेली, शाळांतली मुलंही खड्ड्यांपाशी आली, हे खरं. पण लक्ष्य ठरलं ते लावण्याचं. पुढे या झाडांचं काय झालं यावरून विधिमंडळात वाद झाला आणि 2021 मध्ये आमदारांच्या समितीमार्फत चौकशीची वेळ आली. मोजणी लावलेल्या झाडांऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभ्या असलेल्या झाडांची झाली असती, तर सगळ्या मोहिमेची रचनाच वेगळी झाली असती.

केनियात वांगारी मथाई यांनी 1977 मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा गावातल्या बायकांना रोपामागे छोटीशी रक्कम दिली जाई, पण ती रोप जगलं तरच. मथाईंना 2004 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. त्या कामाचा पाया हा असा व्यवहारी होता. जगलेल्या झाडाला मोल द्यायचं, हे आपल्या नगरपरिषदांना आणि प्रायोजकांना अवघड का वाटावं?

नाशिकचं उदाहरण तयारीसाठी पाहावं. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ग्लिरिसिडिया माजलेला होता. मूळचा मध्य अमेरिकेतला हा वृक्ष महाराष्ट्रातल्या कितीतरी टेकड्यांवर लावला गेला, कारण तो भराभर वाढतो आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टेकडी लवकर हिरवी दिसते. पण त्याच्या दाटीखाली आपल्या झाडांना वाव राहत नाही, आणि पाखरांच्या पोटाला तिथे फारसं काही मिळत नाही. शेखर गायकवाड यांच्या ‘आपलं पर्यावरण’ संस्थेनं 5 जून 2015 ला नाशिककरांना तिथे बोलावलं आणि एका दिवसात 11 हजार देशी रोपं लावली गेली. हजारो माणसं कुटुंबांसह डोंगर चढली. मी 5 जूनला नावं ठेवतोय आणि हे उदाहरण त्याच दिवसाचं, हे खरंच. पण तिथे तो दिवस कामाच्या मधला होता. खड्डे आधी तयार होते, रोपांच्या जाती आधी निवडलेल्या होत्या आणि नंतर डोंगरावर पाणी नेण्याची व्यवस्था होती. पुढे वर्षानुवर्षं माणसं तिथे जात राहिली. आज त्या जागेला लोक नाशिक देवराई म्हणतात. पुढच्याच वर्षी म्हसरूळलाही असंच काम उभं राहिलं.

बीडजवळ पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांनी वन विभागाच्या जमिनीवर सह्याद्री देवराई उभी केली. 13 आणि 14 फेब्रुवारी 2020 ला तिथे वृक्षसंमेलन भरलं आणि संमेलनाध्यक्ष होता वड. मराठवाड्यातल्या मुलांनी साहित्य संमेलनासारखा सोहळा झाडांसाठी पाहिला, याचं मला मोठं कौतुक वाटतं. मात्र या देवराईला आगीही लागल्या. वाळलेलं गवत, कुणीतरी टाकलेली विडी किंवा मुद्दाम लावलेली काडी, आणि दोन-तीन वर्षांची मेहनत तासाभरात काळी. डोंगरावर काम करणाऱ्या प्रत्येक गटाला ही भीती असते. त्यावर उपाय आहे तो जाळरेषेचा: डिसेंबर-जानेवारीत झाडांभोवती आणि जागेच्या कडेनं गवत कापून रुंद पट्टा मोकळा करायचा. कंबर मोडणारं काम आहे. एकाही बातमीत ते छापून येत नाही.

आता शहरातल्या बागेकडे येऊ. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातली बाग डोळ्यांसमोर आणा. रंग उडालेली घसरगुंडी, बंद पडलेलं कारंजं, कुंपणाला पडलेलं भगदाड आणि त्यातून येणाऱ्या शेळ्या. कोपऱ्यात गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, दारूच्या बाटल्यांच्या काचा. पावसाळ्यानंतर गाजरगवत छातीएवढं. या गवताची भारतातली पहिली नोंद 1950 च्या दशकात पुण्यात झाली आणि बघता बघता ते देशभर पसरलं. अंगाला खाज आणतं, दम लागणाऱ्यांना छळतं. ते उपटायचं असेल तर फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून. फुलांवर आल्यावर उपटून बाजूला फेकलं, तर बी आपणच पेरलं म्हणा.

स्वच्छता करायला आलेले स्वयंसेवक बहुतेकदा खराट्यानं सुरुवात करतात. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात खराट्याचा मान मोठा आहे आणि तो राहावा. पण बागेत खराटा कुठे फिरवायचा हे ठरवावं लागतं. पायवाट झाडावी, बसायची जागा झाडावी. झाडाखालचा पालापाचोळा झाडू नये. आपल्याकडे बाग स्वच्छ केली म्हणजे जमीन उघडी बोडकी केली, असा समज खोलवर रुजलेला आहे. गोळा केलेली पानं कोपऱ्यात पेटवून दिली की काम संपलं. डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळण्याला दंड ठरवला, छोट्या प्रकारासाठी 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25 हजार. तरी हिवाळ्याच्या सकाळी आपल्या गल्ल्यांतून तो धूर येतोच. पानगळ ही झाडानं स्वतःच्या मुळांवर घातलेली गोधडी आहे. उन्हाळ्यात तिच्याखाली ओल राहते, गांडुळं राहतात, पाखरांना उकरायला किडे मिळतात. प्लास्टिक, काच, थर्मोकोल वेचून काढा. पानं तिथेच राहू द्या, फार झाली तर आळ्यात घाला. असं काम केलं की येणारे-जाणारे म्हणतात, ‘अहो, अजून कचरा आहे की!’ त्यांना समजावून सांगणं हासुद्धा श्रमदानाचा भाग.

अशीच समजूत हिरव्या रंगाबद्दलही घालावी लागते. हिंगोलीच्या आसपासचं मूळ रान पानगळीचं. साग, सालई, धावडा, मोह, पळस, टेंभुर्णी, बेहडा, काटेसावर, पांगारा. माघ-फाल्गुनात यातले कितीतरी वृक्ष निष्पर्ण होतात. पाणी वाचवण्याची त्यांची ती रीत आहे. पण बागेत लावलेला पळस फेब्रुवारीत उघडा पडला की नागरिकांची तक्रार येते, झाड मेलं म्हणून. मग पुढच्या वेळी नगरपरिषद बारमाही हिरवं झाड निवडते. कोनोकार्पस असाच रस्त्यांच्या दुभाजकांत शिरला. गुजरातनं 2023 मध्ये त्याच्या लागवडीला मनाई केली. ज्या दिवसांत पळस, पांगारा आणि सावर पान टाकून लालभडक फुलतात, त्याच दिवसांत रानात पाखरांना दुसरं फारसं खायला नसतं. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर या फुलांवर तुटून पडतात. बेलावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात, उंबराच्या फळांवर धनेशापासून वटवाघळांपर्यंत सगळे जगतात. कोनोकार्पसच्या रांगेजवळ तासभर उभं राहिलात तर हे दिसणार नाही. बाग कशी दिसावी हे आपण कुठल्यातरी गार मुलखाकडून घेतलं. आपली बाग फाल्गुनात तांबडी आणि चैत्रात पोपटी दिसली, तर ती जिवंतच आहे.

मग लावायचं काय? ते जमिनीवर ठरतं. काळ्या खोल जमिनीत कडुनिंब, चिंच, बाभूळ, करंज. ओढ्याकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर. मुरमाड उंचवट्यावर आपटा, बेल, बहावा, धावडा, हिवर, खैर. वड आणि पिंपळ लावताना आजूबाजूला भिंत, गटार, विजेच्या तारा नाहीत हे बघायचं, नाहीतर वीस वर्षांनी करवत येणारच. आणि प्रत्येक मोकळी जागा झाडांनी भरायची नसते. आपल्या माळरानावर गवत हेच वैभव आहे. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल त्यावरच जगतात. त्यांच्या माळावर दाट झाडी उभी करणं हे उपकाराचं काम नव्हे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची दाट लागवडीची पद्धत आपल्या शहरांत लोकप्रिय झाली आहे. जपानातल्या मंदिरांभोवतीची जुनी वनं पाहून त्यांनी ती आखली, त्यामुळे देवराई जाणणाऱ्या आपल्याला ती जवळची वाटते. बागेच्या एखाद्या कोपऱ्यात ती करायला हरकत नाही. माळावर नको.

रोपं मिळत नाहीत, ही अडचण प्रत्येक गटाला येते. म्हणून ज्यांना देशी झाडं लावायची आहेत त्यांचं काम बियांपासून सुरू होतं. निंबोळीची उगवण्याची ताकद थोड्याच आठवड्यांत जाते, तेव्हा जून-जुलैत पडली की ताजी ताजी पिशवीत लावायची. मोहाच्या बीचंही तसंच. बहाव्याच्या बीला कठीण कवच, ते घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मऊ करावं लागतं. धावड्याचं बी तर फार हट्टी. ढीगभर पेरावं तेव्हा मूठभर उगवतं. गावातली म्हातारी माणसं, गुराखी, वैदू यांना कुठलं झाड कधी पिकतं हे तोंडपाठ असतं. शहरी स्वयंसेवकांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं. वनस्पतींची नुसती नावं शिकण्यापेक्षा त्यात जास्त मिळतं.

हिशेबही करून पाहावा. शेतातल्या अनुभवानं सांगायचं तर एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी पुरतं, आच्छादन चांगलं असेल तर त्याहूनही कमी. शंभर रोपं म्हणजे आठवड्याला हजार ते दीड हजार लिटर. पाच हजार लिटरचा एक टँकर जवळजवळ महिना काढतो. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत पाच-सहा टँकर. दहा-बारा जणांच्या गटाला, एखाद्या गणेश मंडळाला हे सहज झेपेल. हजार रोपं लावली तर पन्नासहून अधिक टँकर लागतील. मग मे महिन्यात कुणी येत नाही आणि रोपांच्या जागी नुसत्या जाळ्या उरतात. माझं म्हणणं एवढंच, की शंभरच लावा. जाळ्यांची लोखंडी कडी खोडात रुतण्याआधी काढायचीही आठवण ठेवा. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या तरुणांच्या गटानं 2018 मध्ये झाडांच्या खोडांतले खिळे उपटण्याची मोहीम काढली होती; ते काम हिंगोलीच्या कुठल्याही मुख्य रस्त्यावर उद्या सुरू करता येईल. शिकवणीवर्गांच्या पाट्यांखाली किती खिळे असतात ते काढायला लागल्यावर कळतं.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा 1975 चा, आणि तो नगरपरिषदांनाही लागू आहे. वृक्ष प्राधिकरण नेमणं, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं ही त्यांची जबाबदारी. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावण्याचं बंधन आलं. हिंगोलीत निजामाच्या काळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. मराठवाड्यातल्या अशा जुन्या गावांत, जुन्या रस्त्यांकडेला म्हातारे कडुनिंब आणि चिंचा अजून उभ्या आहेत. स्वयंसेवकांच्या एखाद्या गटानं वहीत त्यांची यादी करावी, घेर मोजावा, फोटो काढावा आणि ती यादी नगरपरिषदेत आवक क्रमांकासह द्यावी. रस्ता रुंद करायला यंत्रं आल्यावर धावण्यापेक्षा हे बरं.

हिंगोलीत लोकांनी मिळून असं काही करण्याची जमीन तयार आहे. कयाधू वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी करत पैनगंगेला मिळते. तिच्या काठावर नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. उन्हाळ्यात कोरडी पडणाऱ्या या नदीला पुन्हा वाहतं करण्यासाठी जयाजी पाईकराव यांची ‘उगम’ ही संस्था गावागावांतून माणसं जोडत आली आहे. नदीचं काम आणि बागेचं काम वेगळं नाही. ओढ्याच्या काठावर उंबर, अर्जुन, करंज धरले की माती धरली जाते, आणि शहरातला प्लास्टिकचा कचरा बागेत वेचला नाही तर नाल्यानं तो कयाधूतच जातो. औंढ्याच्या नागनाथाला श्रावणात बेलाची किती पानं लागतात याची कल्पना करा. त्यासाठी रानातल्या फांद्या ओरबाडण्यापेक्षा गावोगावच्या बागेत बेलाची चार-चार झाडं वाढली, तर देवाचंही होईल आणि फुलपाखरांचंही.

हा अंक हातात पडेल तेव्हा कार्तिक सुरू झालेला असेल. जमिनीत परतीच्या पावसाची ओल अजून आहे. पावसाळ्यात लावलेली रोपं याच दिवसांत आपल्या नजरेतून उतरतात, कारण ती हिरवी दिसतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. आळी दुरुस्त करायची, तण काढून तिथेच अंथरायचं, दिवाळीच्या साफसफाईत निघालेली जुनी सुती कापडं आणि वाळलेली पानं बुंध्याभोवती पसरायची वेळ हीच. संक्रांतीच्या आत गवत कापून जाळरेषा काढायला हवी. शिमग्याआधी टँकर कोण देणार हे ठरायला हवं. आणि कुठल्या आठवड्यात कोण पाणी घालणार, त्याची नावं लिहिलेला कागद मंडळाच्या खोलीत भिंतीवर लागायला हवा; मे महिन्याच्या चौकटीत नावं आधी भरा, जुलैच्या चौकटीसाठी माणसं शोधावी लागत नाहीत.